मायमो अँटेना: कपलिंग, कोरिलेशन आणि नेहमीचे प्रश्न

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी अँटेनाची लॅब सांभाळतो. फेब्रुवारी उजाडला की फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांची रांग लागते, आणि मार्चअखेर माळ्यावरचे कूलर खाली उतरले की शेजारपाजारचे लोक वायफायची तक्रार घेऊन येतात. तीच तीच उत्तरं देऊन घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. विषय मायमो, म्हणजे पाठवायला आणि घ्यायला एकाहून जास्त अँटेना वापरणारी रेडिओ पद्धत. क्रमाला फारसा अर्थ नाही. जे जास्त विचारलं जातं ते वर आहे.

कपलिंग आणि कोरिलेशन ही एकाच गोष्टीची दोन नावं ना?

नाही. निम्मे प्रोजेक्ट याच गैरसमजावर उभे असतात.

परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी बसलेली दोन पोरं घ्या. एकाने दुसऱ्याच्या कानात उत्तर कुजबुजलं, ते कपलिंग. तपासणाऱ्याला दोघांचे पेपर जुळलेले दिसले, ते कोरिलेशन. आता कुजबुज अजिबात न होताही पेपर जुळू शकतात, कारण दोघांनी एकच गाइड पाठ केलेलं असतं. आणि कुजबुज होऊनही पेपर वेगळे निघू शकतात. ते कसं, हे खाली येईलच.

म्युच्युअल कपलिंग हा अँटेनांचा आपसातला व्यवहार आहे. एकात करंट सोडला की शेजारच्यात आपोआप करंट उमटतो, सतारीची वरची तार छेडली की हात न लावता खालच्या तरफा गुणगुणतात तसा. हा आकडा नेटवर्क ॲनालायझर या मोजयंत्रावर थेट दिसतो. कोरिलेशन म्हणजे दोन अँटेनांवर येणाऱ्या सिग्नलची चढउतार एकमेकींशी किती जुळते. त्यात अँटेनांच्या पॅटर्नचा (कोणत्या दिशेला किती सिग्नल पाठवतो-घेतो, त्या नकाशाचा) वाटा असतो, तसाच भोवतालच्या भिंती, झाडं, गाड्या यांचाही. त्यामुळे तीच जोडी इतवारीच्या बोळात एक आकडा देते आणि मिहानकडच्या मोकळ्या माळावर दुसरा. कपलिंग दोन्हीकडे तेच.

पण कोरिलेशन जास्त असलं तर बिघडतं काय?

मायमोत एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन वेगळे प्रवाह पाठवतात आणि रिसीव्हर ते समीकरणं सोडवल्यासारखे वेगळे करतो. समजा पहिल्या अँटेनावर आलं: क्ष + य = १०. दुसऱ्यावर: क्ष + १.०१ य = १०.०५. सोडवलं की दोन्ही ५ येतात. आता दुसऱ्या अँटेनात थोडा नॉइज शिरला आणि १०.०५ च्या जागी १०.१० वाचलं गेलं. चूक अर्ध्या टक्क्याची, पण उत्तर येतं य = १० आणि क्ष = ०. म्हणजे एक प्रवाह दुप्पट झाला आणि एक गायब. दोन्ही समीकरणं जवळजवळ सारखी असली की एवढाच नॉइज पुरतो.

आकड्यांत सांगायचं तर २ बाय २ ची व्यवस्था (दोन अँटेना पाठवायला, दोन घ्यायला) घ्या, सिग्नल-नॉइज गुणोत्तर २० डेसिबल. दोन्ही प्रवाहांच्या वाटा पूर्ण वेगळ्या असतील तर दर हर्ट्झला सेकंदाला सुमारे १३.३ बिट जातात. वाटा तंतोतंत सारख्या असतील तर ७.६५. म्हणजे चार अँटेनांचे पैसे देऊन दुसरी वाट गेली. बेल लॅब्जच्या फोशिनी आणि तेलातार यांनी नव्वदच्या दशकात हे गणित मांडलं आणि मायमोचा सगळा डोलारा त्यावर उभा राहिला. त्यांच्या मूळ हिशेबात मात्र वाटा स्वतंत्र धरल्या होत्या. आपल्या बोर्डावर त्या तशा असतीलच असं नाही.

दोन अँटेना किती लांब ठेवायचे?

सेंटीमीटर विचारू नका, तरंगलांबी विचारा. २.४ गिगाहर्ट्झला ती १२.५ सेंटीमीटर, ३.५ ला साधारण ८.६, ७०० मेगाहर्ट्झला जवळपास ४३. (नागपूरहून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १५६६ किलोहर्ट्झवर लागायची, तिची तरंगलांबी १९१ मीटर. तिथे अर्धी तरंगलांबी लांब म्हणजे ९६ मीटर.)

चारही बाजूंनी सारखेच सिग्नल येतात असं धरलं, तर कोरिलेशन बेसेल फंक्शनने मिळतं: शून्य क्रमाचं J, आत २π गुणिले अंतर भागिले तरंगलांबी. ते पहिल्यांदा शून्य होतं ०.३८ तरंगलांबीला. अर्ध्या तरंगलांबीला ते उणे ०.३ येतं आणि त्याचा वर्ग जेमतेम ०.०९. एक दशांश तरंगलांबीला मात्र वर्ग ०.८ च्या वर. ‘अर्धी तरंगलांबी ठेवा’ हा सल्ला इथून आला. सल्ला चांगला आहे, पण ‘चारही बाजूंनी’ ही अट लोक वाचतच नाहीत.

कपलिंग प्रत्यक्ष दिसतं कसं?

लॅबमध्ये या, पाच मिनिटांचं काम आहे. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला दोन भोकं, त्यात दोन एसएमए कनेक्टर, त्यांच्या पिनांना तांब्याच्या उभ्या तारा. तार पाव तरंगलांबीची, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झला ३ सेंटीमीटरला थोडी कमी. आधी एकच तार लावायची आणि एस-११ चा, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचा, खड्डा स्क्रीनवर २.४५ ला आणायचा. तो २.४५ पेक्षा कमी फ्रीक्वेन्सीला पडला तर कटरने तारेचं टोक अगदी नखाएवढं उडवायचं. मग ६ सेंटीमीटरवर दुसरी तार रोवायची. पहिल्या तारेला हात लावला नाही, तरी तिचा खड्डा किंचित सरकतो. पोरं म्हणतात, सर कनेक्टर ढिला आहे. कनेक्टर घट्ट आहे. शेजारी आला म्हणून घरातलं वागणं बदललं.

अर्ध्या तरंगलांबीवरच्या दोन समांतर डायपोलांचा (मधोमध वायर जोडलेल्या सरळ दांड्यांचा) परस्पर इम्पिडन्स, म्हणजे एकातल्या करंटने दुसऱ्यात किती व्होल्टेज उमटतं ते गुणोत्तर, पाठ्यपुस्तकात उणे १२.५ उणे j३० ओहम दिलेला असतो. डायपोल नीट जुळवलेले असतील तर त्यातून एस-२१, म्हणजे एकातून शेजाऱ्यात पोचणारा सिग्नल, सुमारे उणे १३ डेसिबल निघतो, म्हणजे साडेचार टक्के पॉवर शेजाऱ्याकडे जाते. पाव तरंगलांबीवर आणलं की उणे ९, म्हणजे बारा टक्के. ती पॉवर हवेत जात नाही. शेजाऱ्याच्या पोर्टला (वायर जोडायच्या तोंडाला) जो ५० ओहम लोड लावलाय, त्यात तिची उष्णता होते.

सर, आयसोलेशन तर उणे २५ आलं, मग स्पीड काहून नाही येत?

आयसोलेशन म्हणजे तोच एस-२१, आणि उणे २५ म्हणजे कपलिंग अगदी कमी. पण दोन्ही अँटेना एकाच दिशेला, एकाच पोलरायझेशनने (लहरीच्या कंपनाच्या दिशेने) बघत असतील आणि समोर मोकळा माळ असेल, तर दोघांना एकच किरण दिसतो. कुजबुज नाही, पण गाइड एकच. पेपर जुळणारच.

उलट सीताबर्डीच्या गर्दीत टॉवर थेट दिसतही नाही. सिग्नल दुकानांच्या पाट्या, मेट्रोचे खांब, बसचे पत्रे यांवर आपटत दहा बाजूंनी येतो, आणि तिथे सुमार आयसोलेशनवरही मायमो झकास चालतं. गल्लीबोळ हे मायमोचं भांडवल आहे.

आमचा ईसीसी ०.००२ आला. पेपर पाठवू का?

थांबा. हे उत्तर लांब आहे, कारण दरवर्षी इथेच माझी चिडचिड होते.

ईसीसी, म्हणजे एन्व्हलप कोरिलेशन कोइफिशंट, हा कोरिलेशनचाच आकडा, तो खरं तर दोन्ही अँटेनांच्या त्रिमित पॅटर्नवरून काढायचा असतो. चेंबर (भिंतींवरून सिग्नल परत न येऊ देणारी मोजणीची खोली) नसेल तर ते कष्टाचं काम. २००३ साली ब्लांच, रोमेउ आणि कॉर्बेला यांनी सोपी वाट दाखवली: फक्त एस-पॅरामीटरवरून, म्हणजे एस-११, एस-२१ वगैरे आकड्यांवरून. एस-११ चं कॉन्जुगेट गुणिले एस-१२, त्यात एस-२१ चं कॉन्जुगेट गुणिले एस-२२ मिळवा, बेरजेच्या मापाचा वर्ग घ्या. त्याला दोन कंसांच्या गुणाकाराने भागा. पहिला कंस: एक उणे एस-११ चा वर्ग उणे एस-२१ चा वर्ग. दुसरा तसाच, दुसऱ्या पोर्टचा.

या सूत्राला दोन अटी आहेत: सिग्नल सगळ्या दिशांनी सारखे येतात आणि अँटेनात लॉस नाही. आता आपल्याकडचं वास्तव बघा. बोर्ड एफआर-४ चा, म्हणजे साध्या सर्किटबोर्डाच्या फायबरग्लासचा, कारण तोच परवडतो, आणि त्याचा लॉस टँजंट ०.०२ च्या घरात. गिगाहर्ट्झमध्ये तो पॉवर गिळतो. गिळलेली पॉवर ना परत येते ना शेजाऱ्याकडे जाते. एस-११ लहान, एस-२१ लहान, सूत्र खूश, ईसीसी शून्याच्या जवळ. टोकाला जाऊन सांगतो: दोन्ही पोर्टना नुसते ५० ओहमचे रेझिस्टर लावले तर ईसीसीचा अंश शून्यच येईल. अँटेनाच नाहीत, तरी निकाल अव्वल.

दुसरी गोष्ट, हे सूत्र पास व्हायला फारच सोपं आहे. एस-११ उणे १० आणि एस-२१ ही उणे १०, म्हणजे दोन्ही सुमार, आणि फेजही सगळ्यात वाईट धरली, तरी ईसीसी ०.०६ येतो. मर्यादा धरतात ०.५. तेव्हा ०.००२ पाहून मी टाळ्या वाजवणार नाही. रेडिएशन एफिशिअन्सी किती, म्हणजे दिलेल्या पॉवरपैकी हवेत किती जाते, हे सांगा. ती ७० टक्के असेल तर चहा माझ्याकडून.

कपलिंग वाढलं की कोरिलेशन वाढतंच ना?

वाढतंच असं नाही. कुजबुज होऊनही पेपर वेगळे निघतात म्हटलं होतं, ते हेच.

दोन उभ्या तारा जवळ आणल्या की शेजारची तार पहिलीच्या पॅटर्नवर परिणाम करते. आधी दोघींचे पॅटर्न गोल आणि सारखे होते, आता दोघींचे फुगवटे वेगवेगळ्या बाजूंना झुकतात. दोघी वेगवेगळ्या दिशांकडे कान लावून बसल्यावर ऐकलेलंही वेगळंच. म्हणून प्रत्यक्षातलं कोरिलेशन अनेकदा बेसेलच्या आकड्यापेक्षा कमी निघतं.

मग कपलिंग चांगलं म्हणायचं का? हिशेब बघा. पोर्ट उत्तम जुळवलेले आहेत, एस-११ शून्य, आणि एस-२१ उणे ६ डेसिबल. वरच्या सूत्राने ईसीसी बरोबर शून्य. पण उणे ६ म्हणजे पाव पॉवर शेजाऱ्याच्या लोडमध्ये जळाली, सव्वा डेसिबलचा फटका. म्हणून मी पोरांना कोरिलेशनच्या आधी एफिशिअन्सीचा रकाना भरायला लावतो. कपलिंगचं बिल बहुतेक वेळा तिथेच लागतं.

कोरिलेशन नेहमी वाईटच?

सिग्नल कमकुवत असेल तर उलट चित्र दिसू शकतं. तीच २ बाय २ व्यवस्था ० डेसिबलवर आणा. वाटा पूर्ण वेगळ्या असतील तर २ बिट. वाटा सारख्या असतील, पण ट्रान्समीटरला चॅनेल माहीत असेल आणि तो सगळी ताकद त्या एकाच वाटेत ओतत असेल, तर २.३२. एकजुटीचा फायदा. सेलच्या, म्हणजे एका टॉवरच्या हद्दीच्या, काठावरचे लोक याच जोरावर बोलतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली ६४ ट्रान्समीटरची फाइव्ह-जी पॅनेलही याच तत्त्वावर बीम (सिग्नलचा झोत) वळवतात. (ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने पहिल्या फेरीत जी आठ शहरं घेतली, त्यात आपलं नागपूर होतं.) त्या पॅनेलमध्ये रांगा मुद्दाम साधारण अर्ध्या तरंगलांबीवर असतात, कारण बीम वळवायचा तर शेजारी सुरात असावे लागतात. तिथे कपलिंगचा त्रास वेगळा: बीम जसा तिरका करावा तसा प्रत्येक अँटेनाचा इम्पिडन्स बदलतो, आणि मधल्या अँटेनाचा एक, काठावरच्याचा दुसरा.

टॉवरवरचे अँटेना पूर्वी लांब लांब असायचे, आता एकाच डब्यात कसे?

रस्त्यावरच्या फोनला सिग्नल चहूबाजूंनी येतो, त्याला अर्धी तरंगलांबी पुरते. टॉवर उंचावर असतो, त्याला सगळी मंडळी एका अरुंद पट्ट्यातून येताना दिसतात. त्यामुळे वरच्या दोन अँटेनांत दहा-दहा तरंगलांब्या सोडाव्या लागायच्या. ९०० मेगाहर्ट्झला हे ३.३ मीटर होतात. पुढे अंतराऐवजी पोलरायझेशन वापरलं: एक अँटेना अधिक ४५ अंश, दुसरा उणे ४५, एकमेकांना काटकोनात, एकाच डब्यात. जागाही वाचली, भाडंही.

काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे, तिथवर ५ किलोमीटरची लिंक टाकायची. दोन डिश शेजारी लावल्या तर मायमो मिळेल का?

नुसत्या शेजारी लावून नाही मिळणार. मध्ये मोकळं रान, किरण एकच. अंतराच्या जोरावर दोन प्रवाह हवे असतील तर ५.८ गिगाहर्ट्झला, ५ किलोमीटरसाठी, दोन्ही टोकांना डिशमध्ये ११ मीटरहून जास्त अंतर लागेल. एवढे खांब कोण रोवतंय भाऊ? एकच डिश घ्या, उभ्या-आडव्या दोन्ही पोलरायझेशनची. दोन प्रवाह तिथेच मिळतात. बसवताना फक्त दोन्ही टोकांना फीड (डिशच्या पुढचा छोटा अँटेना) सारखाच फिरवलाय ना, ते बघा.

फोनमध्ये चार अँटेना, तरी ७०० मेगाहर्ट्झला दोनच का वापरतात?

४३ सेंटीमीटरची तरंगलांबी आणि १६ सेंटीमीटरचा फोन. त्या फ्रीक्वेन्सीला खरं रेडिएशन फोनची आख्खी चौकट करते, अँटेना तिला फक्त धक्का देतात. वरून धक्का द्या की खालून, डोलणारी चौकट तीच. कपलिंगही जास्त, कोरिलेशनही.

उन्हाळा लागला की वायफाय मंदावतं. हे कोरिलेशनच का?

नाही हो काकू, हा कूलर आहे. हे मी स्वतःच्या घरी भोगलंय. दोन आठवडे इंटरनेटवाल्याला फोन केले, शेवटी माझाच मुलगा म्हणाला, बाबा, राउटर बघा ना. राउटर खिडकीच्या कट्ट्यावर होता. एप्रिलमध्ये त्याच खिडकीत पत्र्याचा कूलर बसवला, आणि राउटरच्या दोन्ही दांड्या पत्र्यापासून दोन बोटांवर आल्या. इतक्या जवळचा, समांतर पत्रा उलटा करंट वाहून रेडिएशन मारतो आणि अँटेनाचा सूर बिघडवतो. शिवाय पत्र्याआड ओल्या वूडवुलच्या ताट्या आणि टाकीभर पाणी, तेही सिग्नल पितंच. दोन अँटेनांच्या नात्याचा इथे प्रश्नच नव्हता, सिग्नलच मेला होता. राउटर समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आणि काम झालं. दोन दांड्या असतील तर एक उभी, एक आडवी ठेवा. फुकटातली पोलरायझेशन डायव्हर्सिटी आहे ती.

कपलिंग कमी करायला कोणती पद्धत घेऊ?

यादी सगळ्यांना पाठ असते: ग्राउंडमध्ये (बोर्डाच्या तांब्याच्या थरात) खाचा, ईबीजी (ठरावीक फ्रीक्वेन्सी अडवणारी नक्षी), मधे पॅरासिटिक, म्हणजे कशालाच न जोडलेली, पट्टी, न्यूट्रलायझेशन लाइन, डीकपलिंग नेटवर्क (कपलिंग रद्द करणारं सर्किट). माझं मत विचाराल तर आधी एक अँटेना ९० अंशांत फिरवून बघा. त्याने भागत नसेल तर एकाला बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या. तरी नाही भागलं तर यादी उघडा. न्यूट्रलायझेशन लाइन म्हणजे शेजाऱ्याच्या कुजबुजीला बरोबर उलटी कुजबुज तारेने पोचवणं. ती ठरावीक फ्रीक्वेन्सीला जमते, बँड रुंद असेल तर कडांना फसते. ग्राउंड खोदला की मागच्या बाजूला गळती वाढते, हे आलेखात कोणी दाखवत नाही.

कपलिंगचा कधी उपयोग झालाय का?

घराच्या गच्चीवर सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून काठ्यांचा ॲल्युमिनिअमचा सांगाडा असायचा, आठवतं? त्यात वायर फक्त एकाच काठीला जोडलेली. मागची लांब काठी आणि पुढच्या आखूड काठ्या कशालाच जोडलेल्या नसतात, त्या केवळ कपलिंगवर काम करतात. जपानच्या उडा आणि यागी यांनी १९२६ साली हे जगापुढे मांडलं. तरीही त्यावर कावळा बसला की वाकायचा आणि कोणीतरी गच्चीवरून ओरडायचं, ‘आता आला का?’

आमच्या कॉलेजात चेंबर नाही. कोरिलेशन मोजायचं कसं?

चेंबर नसलं तरी कॉरिडॉर आहे ना? दोन पोर्टच्या रिसीव्हरवर दोन्ही अँटेनांची सिग्नल पातळी एकाच वेळी नोंदवत, ट्रॉली हळू ढकलत चला. नोंदी दाट हव्यात, तरंगलांबीत किमान चार-पाच. नंतर एक चूक टाळा: ट्रान्समीटरपासून लांब जाताना दोन्ही पातळ्या मिळून खाली उतरतात, आणि तो उतार तसाच ठेवला तर कोरिलेशन उगाच ०.८ वगैरे दिसतं. आधी दोन्हींमधून सरकती सरासरी काढून टाका, मग उरलेल्या चढउतारांचं कोरिलेशन स्प्रेडशीटमध्ये काढा.

कॉरिडॉर झाला की तीच ट्रॉली मैदानावर न्या आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक रिपोर्टात पहिल्या पानावर टाका, व्हायव्हात त्यावरच विचारणार आहे. मैदानाचं मोजमाप मे महिन्यात असेल तर सकाळी साडेसहाला या. नऊनंतर ट्रॉलीचं हँडल धरवत नाही.